शिकागोची नाचघरे आणि अभिरुचीचा प्रश्न

१

'अभिरुची' हा शब्द आपल्याकडे फार साळसूदपणे वापरला जातो. अभिरुची म्हणजे जणू माणसाच्या अंगी जन्मतः असलेला किंवा चांगल्या संस्कारांनी आलेला गुण, अशी समजूत त्यामागे असते. दलित साहित्य प्रथम प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांनी 'हे खोटे आहे' असे क्वचितच म्हटले. 'हे अभिरुचीला धरून नाही' असे मात्र अनेकांनी म्हटले. अनुभव नाकारणे अवघड होते. अभिरुचीच्या नावाखाली तो दाराबाहेर ठेवणे सोपे होते. म्हणून अभिरुचीचा इतिहास तपासणे हे केवळ सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकांचे काम राहत नाही. कोणाची आवड 'अभिरुची' ठरते, कोणाची आवड 'गोंगाट' ठरते, आणि कालचा गोंगाट आज 'वारसा' कसा होतो, हे पाहणे चळवळीचे काम आहे.

या दृष्टीने मी येथे एका दूरच्या शहराचा विचार करणार आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून यंत्रांवर रचलेले एक नृत्यसंगीत वाढले. त्याला 'हाऊस' असे म्हणतात. आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांच्या नाचघरांत, जाहिरातींत आणि आपल्या हिंदी चित्रपटांच्या गाण्यांतही जो एकसारखा चार ठोक्यांचा ताल ऐकू येतो, त्याचे एक मोठे मूळ शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीत आहे. ज्यांनी ते घडविले ते बहुतांशी काळे, कामगारवर्गीय, आणि आरंभी त्यांतील पुष्कळसे समलिंगी तरुण होते. हे संगीत ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना ही गोष्ट माहीत नसते. ती माहीत नसणे हा अपघात नाही.

२

शिकागोचे संगीत समजण्यासाठी शिकागोचा भूगोल आधी समजून घ्यावा लागतो. १९१० साली या शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती सुमारे ४४ हजार होती. १९७० साली ती ११ लाखांवर गेली. दक्षिणेकडील मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या राज्यांतील कापसाची शेते, जमीनदाराचे कर्ज आणि झुंडीने फासावर लटकविण्याची दहशत मागे टाकून ही माणसे आगगाडीने उत्तरेला आली. १९०५ साली सुरू झालेले 'शिकागो डिफेंडर' हे काळ्यांचे वृत्तपत्र त्यांना 'या' म्हणून सांगत होते. गाव सोडणे हाच मुक्तीचा पहिला मार्ग, हा विचार आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे सांगितले ते ज्यांनी वाचले आहे त्यांना या स्थलांतराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण शहरातही रेघ होतीच. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात ओंडक्यांच्या तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या मानल्या जाणाऱ्या पाण्यात गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडून मेला. दगड मारणाऱ्याला पकडण्यास पोलिसाने नकार दिला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली; त्यांत २३ काळी होती. पाण्यावर मारलेली रेघ कशी असते हे महाडचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला समजेल. पुढे ही रेघ कागदावर आली. काळ्यांना घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, असे करार गोरे घरमालक आपसांत करीत. असे करार न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितले. तोपर्यंत दक्षिण शिकागोतील एका चिंचोळ्या पट्ट्यात लाखो माणसे कोंबली गेली होती.

या पट्ट्यात एकामागून एक संगीतप्रकार वाढले. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीहून आला. गावाकडची साधी गिटार दारूगुत्त्यातल्या गलक्यात ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. यंत्राने आवाज वाढविण्याची ही गरज आपण लक्षात ठेवली पाहिजे. शिकागोच्या काळ्या संगीतात वीज आणि यंत्र ही बाहेरून आलेली विकृती नव्हे. गर्दीत आपला आवाज ऐकू यावा म्हणून ती आली. पुढे ब्ल्यूज म्हाताऱ्यांचे आणि नंतर गोऱ्या विद्यार्थ्यांचे झाले. काळे तरुण सोल संगीताकडे वळले. १९७० साली 'सोल ट्रेन' हा काळ्या तरुणांच्या नृत्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम याच शहरातून सुरू झाला. त्याआधी काही महिनेच, ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे, इलिनॉय ब्लॅक पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा अध्यक्ष फ्रेड हॅम्प्टन याला पोलिसांनी त्याच्या घरात गोळ्या घालून ठार केले होते. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच चळवळीचा हा तरुण नेता. चळवळीचे रक्त आणि तरुणांचा नाच हे एकाच शहरात, एकाच हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या काळात घडत होते. त्यांतील एकाला इतिहास मानून दुसऱ्याला करमणूक म्हणून बाजूला टाकता येत नाही.

३

१९७७ साली शिकागोच्या साउथ जेफरसन रस्त्यावरील २०६ क्रमांकाच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत 'वेअरहाऊस' नावाचे नाचघर सुरू झाले. रॉबर्ट विल्यम्स हा त्याचा चालक. त्याने न्यूयॉर्कहून फ्रँकी नक्लस या बावीस वर्षांच्या तरुणाला तबकड्या वाजविण्यासाठी बोलाविले. वेअरहाऊसमध्ये दारू विकली जात नसे. फळांचा रस मिळे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दिवस उजाडल्यावरही चाले. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, आणि त्यांतील बरेच समलिंगी. गोऱ्या समलिंगींच्या बारमध्ये त्यांना कातडीमुळे अडवीत आणि स्वतःच्या वस्तीत, चर्चमध्ये, घरात त्यांना त्यांच्या प्रेमामुळे अडवीत. दोन्हीकडून दार बंद असलेल्यांनी हे तिसरे दार उघडले. नक्लस स्वतः या जागेला चर्चची उपमा देत असे. हाऊस संगीतातील गायकीवर गॉस्पेलची, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधील भक्तिगायनाची, दाट छाया आहे हे पाहिले म्हणजे ती उपमा नुसती शोभेची वाटत नाही.

वेअरहाऊसमध्ये वाजे ते प्रामुख्याने डिस्को. डिस्को म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चमचमते कपडे आणि १९७७ चा 'सॅटर्डे नाइट फीवर' हा चित्रपट येतो. त्याचा नायक गोरा आहे. वास्तविक डिस्को न्यूयॉर्कमधील काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांत वाढलेले संगीत होते. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी ते उचलले, पातळ केले, दुकानादुकानांत पसरविले आणि लोकांना त्याचा वीट आणला. मग वीट आलेल्यांचा राग कंपन्यांवर निघाला नाही. तो कोठे निघाला हे शिकागोने दाखविले.

१२ जुलै १९७९ रोजी शहरातील कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एक 'डिस्कोदहन' झाले. रॉक संगीत लावणाऱ्या रेडिओ केंद्राचा निवेदक स्टीव्ह डाल याने ते योजले होते. तो आधी ज्या केंद्रावर काम करीत होता ते केंद्र डिस्कोकडे वळल्यामुळे त्याची नोकरी गेली होती. डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये सामना पाहा, अशी योजना होती. सुमारे ५० हजार लोक जमले. बहुतेक गोरे तरुण. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला आणि हजारो लोक मैदानात घुसले. ३९ जणांना अटक झाली. दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. आपल्या मनात वंशद्वेष किंवा समलिंगीद्वेष नव्हता असे डाल याने नंतर वारंवार सांगितले आहे. त्याच्या मनात काय होते याचा निवाडा करण्याची आपल्याला गरज नाही. त्या रात्री मैदानावर खुर्च्या दाखविण्याचे काम करणारा एक काळा मुलगा, व्हिन्स लॉरेन्स, याने जे पाहिले ते अधिक महत्त्वाचे आहे. लोक जाळण्यासाठी आणीत होते त्यांत डिस्को नसलेल्या, सोल आणि रिदम अँड ब्ल्यूजच्या, म्हणजे केवळ काळ्या कलावंतांच्या म्हणून आणलेल्या तबकड्याही होत्या, असे त्याने सांगितले आहे. व्यक्तीच्या हेतूपेक्षा गर्दीला काय आणि कोण एक वाटले, हे येथे निर्णायक आहे. अभिरुची ही अशी जमावाने, जाहीरपणे आणि आगीच्या साक्षीने राखली जाऊ शकते.

४

या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढले. वेअरहाऊसमध्ये मात्र नाच थांबला नाही. आता नव्या तबकड्या पुरेशा येईनात. नक्लस जुन्या गाण्यांच्या चुंबकीय फिती कापून, जोडून लांबवू लागला; ताल कमी पडे तेथे खालून यंत्राचा ताल घालू लागला. टंचाईतून रीत निर्माण झाली. या ठिकाणी वाजणाऱ्या संगीताला तरुण 'हाऊस' म्हणू लागले. 'वेअरहाऊस' या नावाचे ते शेपूट, असे बहुतेक जण मानतात.

याच सुमारास जपानच्या रोलंड कंपनीची काही यंत्रे बाजारात आली होती. १९८० चे टीआर-८०८, १९८३ चे टीआर-९०९ ही तालयंत्रे आणि १९८१ चे टीबी-३०३ हे खर्जातील सूर देणारे चपटे यंत्र. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून ३०३ तयार केले होते. त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा येईना, म्हणून ते पडले. काही वर्षांतच कंपनीने ते बंद केले. जे यंत्र प्रतिष्ठित वादकांनी टाकून दिले ते जुन्या बाजारात स्वस्त झाले, आणि स्वस्त झाले म्हणून गरिबाच्या हाती आले. नक्लसने आपले ९०९ हे यंत्र डेट्रॉइटच्या डेरिक मे याच्याकडून विकत घेतले होते. मोटारींच्या त्या शहरातही काळे तरुण याच यंत्रांवर टेक्नो नावाचे संगीत घडवीत होते.

हाऊसची रचना साधी आहे. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. मापात चार मात्रा आणि चारही मात्रांवर नगाऱ्यासारखा जड ठोका. मधल्या फटींत झांजेचा आवाज. खाली सतत फिरणारी खर्जाची ओळ. वर एखादे वाक्य किंवा हाक, पुन्हा पुन्हा. ऐकणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटू शकते, कारण ते खुर्चीत बसून ऐकण्यासाठी केलेलेच नाही. दोन तबकड्या एकमेकींत मिसळता याव्यात आणि नाचणाऱ्याचे पाऊल तुटू नये, ही त्याची गरज आहे. ज्या कामासाठी कला निर्माण झाली ते काम न पाहता तिला मोजणे हा समीक्षेचा जुना दोष आहे.

जानेवारी १९८४ मध्ये जेसी साँडर्सने 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. हाऊसची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून तिचे नाव सामान्यतः घेतले जाते. तिच्या रचनेत त्याचा सोबती होता व्हिन्स लॉरेन्स. कॉमिस्की पार्कवर खुर्च्या दाखविणारा तोच मुलगा. १९८६ साली 'मूव्ह युवर बॉडी' करणारा मार्शल जेफरसन टपाल खात्यात काम करणारा होता. संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण नसलेली ही मुले यंत्रावर एकेक सूर बोटाने टाकून रचना करीत.

येथे आपल्याशी जोडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजविणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली हीच रोलंडची यंत्रे वापरून दहा राग डिस्कोच्या तालावर बसविले आणि त्यांची तबकडी निघाली. ती चालली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा शिकागोच्या 'ॲसिड हाऊस'शी तिचे साम्य पाहून जगभरचे लोक चकित झाले. शिकागोच्या मुलांना ती माहीत असल्याचा पुरावा नाही. पण यंत्र तेच असूनही मुंबईत त्यातून एक तबकडी झाली आणि शिकागोत एक परंपरा झाली, याचा विचार केला पाहिजे. परंपरा यंत्रातून निर्माण होत नाही. ते यंत्र ज्यांना आपले वाटते असा समूह, त्यांची जागा आणि त्यांची दर शनिवारची गरज यांतून ती निर्माण होते.

काही समीक्षक असे समीकरण मांडतात की कारखाने बंद पडले आणि त्यांच्या यंत्रांचा ठोका संगीतात आला. शिकागोत १९७१ साली प्रचंड खाटीकखाने बंद झाले. मार्च १९८० मध्ये विस्कॉन्सिन स्टील हा पोलाद कारखाना एका दिवसात बंद होऊन तीन हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. हे खरे आहे. पण बेकारीतून थेट ताल निघत नाही. हे तरुण जर्मनीतील क्राफ्टवेर्कचे संगीत आणि इटलीतून आलेल्या डिस्को तबकड्या आवडीने ऐकत होते, ही गोष्ट या समीकरणात बसत नाही. काळ्या माणसाने ब्ल्यूज गावा, दुःख सांगावे, आणि यंत्र, भविष्यकाळ, अमूर्तता या गोष्टी गोऱ्यांवर सोपवाव्यात, ही अपेक्षा त्यांनी मोडली. दलित लेखकाकडून आत्मकथनच अपेक्षिणाऱ्या आणि त्याने वैचारिक ग्रंथ लिहिला की गोंधळून जाणाऱ्या प्रकाशकांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

५

समूहाच्या आतही अभिरुची एक नव्हती. १९८२ च्या अखेरीस नक्लस वेअरहाऊस सोडून स्वतःच्या 'पॉवर प्लांट'मध्ये गेला. वेअरहाऊसच्या चालकांनी मग 'म्युझिक बॉक्स' काढले आणि तेथे रॉन हार्डी वाजवू लागला. नक्लसचे वाजविणे नितळ, गायकीप्रधान. हार्डीचे जोराचे, भरधाव, प्रसंगी गाणे उलटे फिरविणारे. दोघांचे श्रोते भिन्न होते आणि आपापल्या बाजूने भांडतही. डीजे पियर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांनी जुन्या ३०३ ची बटणे रचना चालू असतानाच पिळून एक किंचाळणारा, वळवळणारा आवाज काढला, तेव्हा ती फीत त्यांनी हार्डीकडेच नेली. त्या रात्रीची हकीकत त्यांनी सांगितली आहे. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा नाचणारे मैदान सोडून गेले. हार्डीने ती त्याच रात्री पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि चौथ्या वेळी लोक बेभान नाचू लागले. ही फीत १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' या नावाने तबकडीवर आली. अभिरुची घडते कशी याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. नव्या आवाजाला प्रथम नकार मिळतोच. त्याला चौथी संधी देणारा कोणी तरी आपल्यातच असावा लागतो.

आणखी एक भेद वर्गाचा होता. मेंडेल कॅथलिक ही दक्षिण शिकागोतील मुलांची शाळा. तिच्या सभागृहातील नाचांना शेकडो मुले जात. त्यांतील अनेकांच्या आईबापांना बरी नोकरी होती, मुले नीटनेटके कपडे करून येत. समलिंगींच्या नाचघरातून संगीत शाळेच्या सभागृहात आले तेव्हा ते बरोबर घेऊन आले, पण ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव घेणे पुष्कळांनी टाळले. रेडिओवरून १९८१ पासून 'हॉट मिक्स ५' या पाच डीजेंचे कार्यक्रम लागत. त्यांनी हे संगीत घराघरात नेले. लोरी ब्रँचसारखी स्त्री त्या काळापासून डीजे म्हणून वाजवीत होती, पण इतिहासाच्या यादीत तिचे नाव बराच काळ शेवटी येई किंवा येत नसे. शोषितांच्या संस्कृतीतही कोणाला विसरायचे याचे नियम असतात. एप्रिल १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन हा शहराचा पहिला काळा महापौर निवडून आला, त्याच वर्षांतील हा नाच आहे. आत्मविश्वास होता, पण त्या आत्मविश्वासात समलिंगींना उघड जागा नव्हती. पुढे एड्सने या पिढीतील अनेकांना नेले, तेव्हा शोकालाही उघड जागा मिळाली नाही. हार्डी १९९२ साली वारला.

६

आता पैशाचा प्रश्न. १९८६ च्या सप्टेंबरात 'लव्ह कान्ट टर्न अराउंड' ही शिकागोची तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेली. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह हर्लीची 'जॅक युवर बॉडी' तेथे पहिल्या क्रमांकावर गेली. १९८८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे हजारो गोरे तरुण ॲसिड हाऊसवर नाचू लागले आणि तेथून ते संगीत युरोपभर गेले. ज्या देशात ते जन्मले तेथील मोठ्या कंपन्यांनी त्याकडे पाहिलेही नव्हते.

शिकागोत तबकड्या काढणारे दोन प्रमुख व्यवसाय होते, ट्रॅक्स आणि डीजे इंटरनॅशनल. ट्रॅक्सचा मालक लॅरी शर्मन याच्याकडे तबकड्या छापण्याचा कारखानाच होता. जुन्या तबकड्या वितळवून त्या मालावर नव्या छापल्या जात. म्हणून त्या काळच्या कित्येक तबकड्यांवर खरखर ऐकू येते. करार तोंडी किंवा अर्धवट, हिशेब नाही. लॅरी हर्डची 'कॅन यू फील इट' ही १९८६ ची रचना जगभर वाजली. त्याने आणि गायक रॉबर्ट ओवेन्सने आपला मोबदला कधीच मिळाला नाही म्हणून २०२० साली ट्रॅक्सविरुद्ध दावा लावला. २०२२ साली तडजोड होऊन त्यांच्या रचनांचे हक्क त्यांना परत मिळाले. छत्तीस वर्षांनी! येथे शोषक म्हणून दूरची प्रचंड कंपनी उभी नव्हती. आपल्याच शहरातील, आपल्या नाचघरात येणारा, पाठीवर हात ठेवणारा माणूस होता, आणि कागद न वाचता सही करणारा अठरा वर्षांचा मुलगा होता.

सरकारनेही आपले काम केले. १९८७ साली शहराने दारू न विकणाऱ्या नाचघरांनाही दारूच्या बारप्रमाणे ठराविक वेळी बंद होण्याचे बंधन घातले. दारू नाही म्हणून रात्रभर उघडी राहणारी, म्हणून अल्पवयीन आणि गरीब मुलांना परवडणारी जागा या नियमाने मोडली. नाचावर बंदी घालावी लागली नाही. घड्याळ पुरे झाले.

७

१९९० च्या दशकात हाऊसचे युरोपात मोठमोठे मेळे भरू लागले, तेव्हा शिकागोच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतील मुलांनी वेगळी वाट धरली. रॉबर्ट टेलर होम्स ही १९६२ साली पुरी झालेली सरकारी वसाहत म्हणजे एका ओळीत उभ्या केलेल्या सोळा मजल्यांच्या २८ इमारती. आरंभी ती सुधारणा म्हणून बांधली गेली. पुढे गरिबांना शहराच्या नजरेआड ठेवण्याची कोठी झाली. या परिसरातील तरुणांनी हाऊसमधील गॉस्पेलची गायकी, पियानो, मधाळपणा काढून टाकला. उरला नुसता ठोका, अधिक वेगाचा, आणि वर तुटक, बऱ्याचदा अश्लील वाक्ये. याला 'घेटो हाऊस' म्हणतात. पश्चिम भागात तबकड्यांचे कौटुंबिक दुकान चालविणाऱ्या रे बार्नी याच्या 'डान्स मेनिया'ने हे संगीत प्रसिद्ध केले. डीजे डिऑन, डीजे फंक, जॅमिन जेराल्ड, पॉल जॉन्सन ही त्यातील नावे. पॉल जॉन्सन १९८७ साली गोळी लागून चाकांच्या खुर्चीला खिळला होता. १९९९ साली त्याच्या 'गेट गेट डाऊन'वर युरोप नाचला.

जुन्या हाऊसवाल्यांना हे संगीत हलके वाटले. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. स्त्रीच्या देहाविषयी त्यातील पुष्कळ वाक्ये हीन आहेत आणि 'हा वस्तीचा आवाज आहे' असे म्हणून त्यांची सुटका होत नाही. पण त्या आक्षेपात आणखीही काही होते. वस्तीतून बाहेर पडलेल्या माणसाला मागे राहिलेल्यांची जी लाज वाटते, तीही होती. ही लाज मी ओळखतो. पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या आपल्या पहिल्या पिढीतील अनेकांनी ती ओळखली पाहिजे. आपण टीका कशावर करतो आहोत, अन्यायावर की बोलीवर, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.

यातून पुढे 'ज्यूक' आणि 'फुटवर्क' निघाले. फुटवर्कचा वेग मिनिटाला १६० ठोक्यांचा. नाचणारे गोल करून उभे राहतात, एकेक जण मध्ये येतो आणि पायांची अतिशय जलद, गुंतागुंतीची कामगिरी करतो. शरीराचा वरचा भाग बराचसा स्थिर. ठोके मुद्दाम तुटलेले असतात. न नाचणाऱ्याला त्यात ताल सापडत नाही. नाचणारा तो पायाने पुरा करतो. आरपी बू हा नाचणाऱ्यांच्या गटांतून आलेला रचनाकार. १९९७ च्या त्याच्या 'बेबी कम ऑन'ला या प्रकाराच्या आरंभीच्या रचनांत स्थान देतात. डीजे रशादचा 'डबल कप' हा संग्रह २०१३ साली लंडनच्या कंपनीने काढला. पुढच्याच वर्षी तो तरुण वयात वारला. वसाहतीच्या इमारती दरम्यान पाडल्या जात होत्या. रॉबर्ट टेलर होम्सची शेवटची इमारत २००७ साली गेली. माणसे पांगली, नाचण्याची वर्तुळे शाळांच्या सभागृहांत, स्केटिंगच्या जागांत पुन्हा भरत राहिली.

दुसरीकडे जुन्या पिढीनेही आपली जागा सोडली नाही. 'चोझन फ्यू' या डीजेंच्या गटाने १९९० साली मित्रमंडळी आणि कुटुंबे मिळून सुरू केलेली उन्हाळी सहल आता जॅक्सन पार्कमध्ये हजारोंच्या मेळ्याच्या रूपाने भरते. आजी-आजोबा, मुले, नातवंडे, चूल आणि जेवण घेऊन येतात आणि हाऊसवर नाचतात. एकेकाळचे निषिद्ध संगीत कौटुंबिक झाले. म्हणजे एकाच शहरात, एकाच वंशाच्या माणसांत, चाळीस वर्षांत तीन अभिरुची एकमेकींशेजारी नांदत आहेत. 'काळ्यांचे संगीत' असे एकवचन वापरणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

८

२०१६ साली याच शिकागो ज्या परगण्यात येते त्या कुक कौंटीने दोन छोट्या नाचघरांकडे करमणूक कराची थकबाकी मागितली. लहान जागांतील संगीताच्या आणि कलेच्या कार्यक्रमांना हा कर माफ होता. कौंटीचे म्हणणे असे की डीजेचे वाजविणे, तसेच रॅप, रॉक इत्यादी, 'ललित कला' या व्याख्येत बसत नाहीत. हाऊस ज्या भूमीत जन्मले तेथील सरकार, ते जन्मल्यावर तीस-पस्तीस वर्षांनी, हे संगीत आहे की नाही असे विचारीत होते. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी नियम बदलावा लागला. २०२३ साली वेअरहाऊसच्या त्या इमारतीला नगरपरिषदेने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. नक्लस २०१४ सालीच वारला होता. त्याच्या नावाची पाटी रस्त्याला २००४ पासून आहे.

आग, घड्याळ, कर आणि शेवटी पाटी, असा हा क्रम आहे. पाटी लागली याचा आनंद मानावा. पण पाटी इमारतीला लागते. लॅरी हर्डला हक्क मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले ते पाटीने टळले नाही.

९

हा इतिहास मी मराठीत मांडतो आहे तो केवळ माहितीसाठी नाही. गेली काही वर्षे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतील डीजेवरून आपल्या वस्त्यांत, महाविद्यालयांत, घराघरात वाद चालू आहेत. माझ्या वर्गातील विद्यार्थी त्या मिरवणुकीत नाचतात आणि त्यांचे वडील त्याबद्दल माझ्याकडे तक्रार करतात. तक्रारीतील काही भाग निर्विवाद आहे. भिंती हादरविणारा आवाज म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, तान्ह्या मुलांना सोसत नाही, आणि ती माणसे आपलीच आहेत. गरिबांच्या घरातून गोळा केलेली वर्गणी एका रात्रीत ध्वनियंत्रणेच्या ठेकेदाराकडे जाते, हेही खरे. त्या पैशात अभ्यासिका चालली असती. हे सांगितलेच पाहिजे.

पण 'आपली पोरे नाचतात' एवढ्यावर जो नाक मुरडतो तो वेगळेच बोलत असतो. त्याच्या बोलण्यात शेजारच्या उच्चभ्रू वस्तीच्या कानांनी स्वतःला ऐकण्याची सवय आहे. दुसऱ्यांच्या मिरवणुकीतील तेवढ्याच आवाजाला जो 'उत्साह' म्हणतो आणि आपल्या आवाजाला 'धिंगाणा' म्हणतो, त्याने कॉमिस्की पार्कचा प्रसंग आठवावा. नाचावे की वाचावे हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. हलगी वाजविणे ही एकेकाळी गावकीने लादलेली चाकरी होती. ती नाकारणे हा स्वाभिमान होता. त्यानंतर स्वतःच्या सणाला, स्वतःच्या नेत्यासाठी, स्वतःच्या मर्जीने वाजविणे ही वेगळी कृती आहे. वाद्य तेच असले तरी मालक बदललेला असतो.

म्हणून विचारायचे प्रश्न निराळे आहेत. यंत्रणा कोणाच्या मालकीची आहे? गाणे कोणी लिहिले, कोणी गायिले, आणि ते विकले गेल्यावर पैसा कोणाला मिळाला? कॅसेटच्या काळात आपल्या शाहिरांनी, गायक-गायिकांनी हजारो भीमगीते गायिली. त्यांतील कितींनी एकदाच मिळालेल्या तुटपुंज्या बिदागीवर कायमची सही केली? नाचणाऱ्या गर्दीत मुलींना निर्धास्त उभे राहता येते का? मिरवणुकीत तृतीयपंथीयाला माणूस म्हणून जागा आहे का, की तो फक्त हसण्यासाठी हवा आहे? शिकागोच्या इतिहासात या प्रत्येक प्रश्नाची किंमत कोणी तरी मोजली आहे.

माझी विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना एक सूचना आहे. प्रत्येक तालुक्यात गेल्या पन्नास वर्षांत वाजविणारे, गाणारे, बँड चालविणारे, कॅसेट काढणारे लोक अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जावे. त्यांची नावे, त्यांच्या रचना, कोणत्या साली कोणासाठी गायिले, कोणत्या कागदावर सही केली, हे लिहून घ्यावे. करारांच्या प्रती मिळाल्या तर जपून ठेवाव्यात, कायदा जाणणाऱ्या आपल्या मुलामुलींना दाखवाव्यात. तरुणांपैकी ज्यांना यंत्रावर रचना करता येते त्यांनी सही करण्यापूर्वी कागद वाचावा, आणि वाचता येत नसेल तर ज्याला येतो त्याच्याकडे न्यावा. शिकलेल्या पहिल्या पिढीचा वस्तीला निदान एवढा उपयोग व्हायला हवा.